रायफलवरचा दिवा: निवड, जोडणी आणि अंधारातली तपासणी

रायफलवर बसवलेल्या दिव्याचे काम एकच असते: समोर कोण उभे आहे आणि त्याच्या हातात काय आहे, हे चापाला बोट लागण्याआधी कळणे. अमेरिकेत घराच्या संरक्षणासाठी एआर-१५ धाटणीची रायफल कायदेशीररीत्या बाळगणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही असे काही जण आहेत. हे लेखन मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. भारतात बंदुकीचा परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार मिळतो आणि शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, त्यामुळे येथील परवानाधारकाला अशा दिव्याची गरज क्वचितच पडेल.

शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे जे चार नियम जेफ कूपर या अमेरिकन प्रशिक्षकाने रूढ केले, त्यांतला चौथा नियम सांगतो की लक्ष्य कोणते आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करावी. अंधारात ही खात्री प्रकाशाशिवाय होत नाही, म्हणून दिवा हवा. परंतु त्याच चारांतला दुसरा नियम असे बजावतो की जे नष्ट करण्याची तयारी नाही, अशा कशावरही नळीचे तोंड रोखू नये. आणि रायफलला जोडलेला दिवा तर जिकडे नळी तिकडेच पाहतो. रात्री उशिरा फ्रिज उघडायला उठलेल्या स्वतःच्या मुलावर प्रकाश टाकण्यासाठी रायफल रोखणे हा दुसऱ्या नियमाचा सरळ भंग आहे. हे दोन नियम एकाच वेळी पाळता यावेत, अशा रीतीने दिव्याची निवड, त्याची जागा आणि त्याचे बटण ठरवावे लागते, आणि दुकानातले खोके वाचून हे कळत नाही.

पहिला निष्कर्ष खरेदीपूर्वीच काढता येतो. घरात शोध घेण्यासाठी, वीज गेल्यावर वाट काढण्यासाठी किंवा अंगणात कसला आवाज झाला ते पाहण्यासाठी हातात धरायची वेगळी टॉर्च असलीच पाहिजे. रायफलवरचा दिवा तिची जागा घेऊ शकत नाही. ज्याच्याकडे चांगली टॉर्च नाही त्याने आधी ती घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ल्युमेन आणि कँडेला

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत ल्युमेनचा आकडा छापलेला असतो, आणि बहुतेक ग्राहक तोच पाहून दिवा घेतात. ल्युमेन म्हणजे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. कँडेला म्हणजे किरणशलाकेच्या मध्यभागी त्याची तीव्रता. एक हजार ल्युमेनचे दोन दिवे एकमेकांपासून फार वेगळे असू शकतात: एकाचा प्रकाश संपूर्ण खोलीभर पसरेल, तर दुसऱ्याचा एका घट्ट ठिपक्यात गोळा होऊन दूर पोहोचेल. उदाहरणार्थ, स्ट्रीमलाइट कंपनीचा प्रोटॅक एचएल-एक्स प्रो हा दिवा १,००० ल्युमेन आणि ५०,००० कँडेलाचा आहे, तर शुअरफायरच्या टर्बो मालिकेतला एम६४०डीएफटी हा केवळ ७०० ल्युमेनमध्ये १,००,००० कँडेला देतो. मॉडलाइटचे ओकेडब्ल्यू शीर्ष ६८० ल्युमेन आणि ६९,००० कँडेलाचे असून त्याच कंपनीचे पीएलएचव्ही२ शीर्ष १,३५० ल्युमेन आणि ५४,००० कँडेलाचे आहे. म्हणजे दुप्पट प्रकाश असूनही दुसऱ्याचा मारा कमी पडतो.

अंतरावर किती उजेड पडेल याचे गणित सोपे आहे. कँडेलाच्या आकड्याला अंतराच्या वर्गाने भागले की लक्स मिळतात. ५०,००० कँडेलाचा दिवा ५० मीटरवर २० लक्स देतो, आणि तोच १०० मीटरवर फक्त ५ लक्स देतो. खोक्यावर छापलेले ‘बीम डिस्टन्स’ हे अमेरिकन एफएल-१ मानकानुसार जिथे केवळ पाव लक्स उरतो तिथपर्यंतचे अंतर असते, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. त्या हिशेबाने ५०,००० कँडेलाच्या दिव्याचे छापील अंतर सुमारे ४४७ मीटर येते. मात्र एवढ्या अंतरावरच्या माणसाच्या हातात मोबाइल आहे की पिस्तूल, हे त्या चांदण्यात कोणालाही सांगता येणार नाही. छापील अंतराच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यापर्यंतच ओळख पटवण्याजोगा उजेड मिळतो, असे धरून चालणे शहाणपणाचे आहे. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड, मोटारीची समोरची काच, धूर किंवा धुके मध्ये असेल तर तेही अंतर घटते, आणि अशा वेळी पसरट प्रकाशापेक्षा तीव्र ठिपका उपयोगी पडतो, कारण पसरट प्रकाश धुक्यावरूनच परत डोळ्यांवर येतो.

मग सर्वांत जास्त कँडेलाचाच दिवा घ्यावा काय? शेतावर किंवा टेक्सासच्या रानात खासगी जमिनीवर रानडुकरांचा बंदोबस्त करणाऱ्याने अवश्य घ्यावा. उपनगरातल्या घरात मात्र सर्वांत लांबचे अंतर म्हणजे बोळाचे एक टोक ते दुसरे, फार तर पंधरा मीटर, आणि तिथे ठिपक्याभोवतीचा सौम्य प्रकाश अधिक मोलाचा ठरतो. कारण याच सौम्य प्रकाशामुळे दोन्ही नियम एकत्र पाळता येतात: नळी खाली जमिनीकडे रोखून दिवा लावला, तर फरशीवरून उसळलेला उजेड संपूर्ण खोली दाखवतो आणि कोणावरही नळी रोखावी लागत नाही. अगदी घट्ट ठिपक्याचा दिवा या कामात तुलनेने कमी पडतो. घरासाठी सुमारे हजार ल्युमेन आणि २५,००० ते ५०,००० कँडेला ही मर्यादा मला योग्य वाटते.

प्रकाशाच्या अनेक पायऱ्या आणि लुकलुकणारा झोत ही वैशिष्ट्ये जाहिरातीत छान दिसतात, पण रायफलवर ती अडचणीचीच ठरतात. घाईत बटण दाबल्यावर मंद प्रकाश किंवा लुकलुक मिळाली, तर दिवा असून नसल्यासारखा होतो. स्ट्रीमलाइटच्या अनेक दिव्यांत बटण नऊ वेळा भरभर दाबून दहाव्यांदा दाबून धरले की केवळ पूर्ण प्रकाशाची एकच पायरी ठेवता येते. घरी आणल्याबरोबर ते करून टाकावे.

सेल

दोन सीआर१२३ए सेलांवर चालणारे, एका १८६५० सेलवर चालणारे आणि दोन्ही चालणारे, असे मुख्य तीन प्रकार आढळतात. सीआर१२३ए हा ३ व्होल्टचा, पुन्हा चार्ज न होणारा लिथियम सेल आहे. तो दहा वर्षांपर्यंत ठेवता येतो आणि मिनेसोटाच्या हिवाळ्यातल्या गॅरेजमध्येही काम देतो. १८६५० हा नावाप्रमाणे १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, चार्ज होणारा सेल असून त्यावर दिवा बहुधा अधिक प्रखर आणि अधिक वेळ चालतो, परंतु गोठणबिंदूखालच्या थंडीत त्याची क्षमता घटते. वर्षभर तिजोरीत पडून राहणाऱ्या रायफलीसाठी सीआर१२३ए आणि दर आठवड्याला सराव करणाऱ्यासाठी १८६५०, अशी विभागणी करावी.

येथे काटकसर महागात पडते. एक जुना आणि एक नवा सीआर१२३ए एकत्र घातल्यास दुबळ्या सेलवर ताण येऊन तो तापू, फुटू किंवा पेटू शकतो. म्हणून दोन्ही सेल एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले असावेत. त्याच आकाराचे चार्ज होणारे सेल पूर्ण भरल्यावर प्रत्येकी ४.२ व्होल्ट देतात, म्हणजे जोडी ८.४ व्होल्टची होते, आणि ६ व्होल्टसाठी बनवलेला दिवा तेवढ्याने जळू शकतो. ऑनलाइन बाजारात ९,९०० मिलिअँपिअर-तास असे छापलेले १८६५० सेल मिळतात. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता ३,५०० च्या आसपास असते, तेव्हा तो आकडा निव्वळ खोटा समजावा.

बटण आणि त्याची जागा

दिवा कोणता यापेक्षा बटण कुठे, या प्रश्नावर अधिक वेळ खर्च करावा. मागच्या टोकाचे साधे बटण सर्वांत भरवशाचे असते: त्यात वायर नाही, चिकटपट्टी नाही, तुटण्याजोगे फारसे काही नाही. वायरने जोडलेला प्रेशर पॅड (दाबल्यावर दिवा लावणारी चपटी पट्टी) अंगठ्याखाली कुठेही बसवता येतो हे खरे, परंतु वायर कुठेतरी अडकते, तापलेल्या भागाला टेकते, आणि मुख्य म्हणजे रायफल भिंतीला टेकवून ठेवली किंवा पिशवीत घातली की पॅड दाबला जाऊन दिवा नकळत लागतो. तिजोरीत रात्रभर पेटून राहिलेला दिवा नेमक्या वेळी मेलेला असतो. शिवाय प्रखर दिव्याचे काचेचे तोंड कापडाला टेकले तर कापड जळूही शकते. ज्यांना पॅड हवाच असेल त्यांनी पॅडबरोबर मागचे बटणही चालू राहील अशी दुहेरी रचना निवडावी आणि साठवणुकीत मागचे झाकण पाव-अर्धा फेरा सैल करून दिवा बंद ठेवावा. बहुतेक दिव्यांत ही सोय असते, ती खरेदीपूर्वी तपासून घ्यावी.

दाबून धरेपर्यंतच लागणारा प्रकाश आणि एकदा दाबून कायम लागणारा प्रकाश, अशा दोन्ही सोयी असाव्यात, परंतु पहिली अधिक हलक्या दाबाने मिळावी.

जागा ठरवण्यासाठी आधी रायफल रिकामी करावी: मॅगझीन काढावे, चार्जिंग हँडल ओढून बोल्ट मागे अडकवावा, चेंबर (काडतूस बसते ती जागा) डोळ्यांनी पाहावे आणि बोटाने चाचपावे, आणि सर्व काडतुसे दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवावीत. त्यानंतर डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, आधाराचा हात नेहमीप्रमाणे हँडगार्डवर (नळीभोवतीच्या पकडायच्या आवरणावर) ठेवावा आणि अंगठा जिथे आपोआप विसावतो तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावावा. हे दोन-चारदा केल्यावर खूण जवळजवळ त्याच ठिकाणी येते. मागचे बटण त्या खुणेवर येईल असा दिवा बसवायचा. दिव्यासाठी हाताची पकड बदलायची नाही. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा डावा हात पुढे असतो, म्हणून त्याच्यासाठी घड्याळाच्या तबकडीनुसार दहा-अकराची जागा, म्हणजे डावीकडे वर, बहुधा सोयीची पडते. डावऱ्याने हे उलटे करावे. अगदी खाली, सहाच्या जागी, दिवा दोन्ही हातांना सारखा पोहोचतो, पण रायफल एखाद्या ओट्यावर टेकवताना तोच आधी आपटतो.

पुढे-मागे सरकवण्याचाही विचार करावा. दिवा फार मागे राहिला तर नळीची सावली प्रकाशाच्या वर्तुळात पडते, आणि सप्रेसर (नळीच्या तोंडावर लावायचे, आवाज कमी करणारे नळकांडे) लावला की ती सावली आणखी वाढते. फार पुढे, नळीच्या तोंडाच्या बरोबरीने किंवा त्याहून पुढे नेला तर प्रत्येक फैरीगणिक काजळी आणि उष्ण वायूचा मारा काचेवर बसतो. नळीच्या तोंडावर धक्का कमी करणारा, बाजूला छिद्रे असलेला मझल ब्रेक असेल तर हा मारा विशेष तीव्र असतो. सोळा इंची नळी आणि चौदा-पंधरा इंची हँडगार्ड ही नेहमीची जोडी असेल, तर काच नळीच्या तोंडाच्या दोन-तीन बोटे मागे ठेवणे पुरेसे होते. थोडी सावली राहिली तर ती नेमाच्या विरुद्ध बाजूला, खाली किंवा उजवीकडे पडेल, हे पाहावे. डावीकडच्या भिंतीच्या कडेने डोकावताना डावीकडचा दिवा भिंतीवरच प्रकाश फेकून नेमबाजालाच दिपवतो, ही या जागेची खरी उणीव आहे. दिवा हँडगार्डच्या जितका वरच्या बाजूला आणि जवळ चिकटलेला असेल तितकी ती कमी होते, म्हणून लांब बाहेर आलेले माउंट (दिवा रायफलला धरून ठेवणारा जोड) टाळावे.

जोडणी

हँडगार्डवर कोणती पद्धत आहे ते आधी ओळखावे. उभे दात असलेली पिकाटिनी रेल अमेरिकन लष्कराच्या मिल-एसटीडी-१९१३ या १९९५ सालच्या मानकानुसार असते आणि तिच्या लगतच्या दोन खाचांच्या मध्यांमधले अंतर १०.०१ मिलिमीटर असते. सपाट पृष्ठभागावर लांबट गोलाकार खाचा असतील तर ती मॅगपुल कंपनीची एम-लॉक पद्धत. किल्लीच्या भोकासारख्या खाचा असतील तर कीमॉड. ती आता मागे पडत चालली असून तिचे माउंट शोधावे लागतात. दिव्याबरोबर बहुधा पिकाटिनीचे माउंट येते, त्यामुळे एम-लॉक हँडगार्डवर थेट बसणारे वेगळे माउंट घेणे चांगले. रेलचा तुकडा, त्यावर माउंट, त्यावर दिवा अशा थरांनी दिवा बाहेर येतो आणि सैल होण्याजोग्या जागाही वाढतात.

सर्व स्क्रू आणि त्यांची भोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेल काढावे. एम-लॉकमध्ये स्क्रूच्या टोकाला चपट्या लांबट नट असतात. त्या खाचेला समांतर फिरवून आत घालाव्यात आणि स्क्रू आवळू लागल्यावर त्या पाव फेरा वळून आतून आडव्या बसतात. प्रत्येक नट खरोखर वळली आहे ना, हे हँडगार्डच्या पुढच्या तोंडातून टॉर्चचा प्रकाश टाकून पाहावे. हा अर्ध्या मिनिटाचा प्रकार अनेक जण टाळतात आणि मग दिवा सरावात गळून पडला की माउंटला दोष देतात. स्क्रूचे टोक आत गॅसनळीला किंवा गॅस ब्लॉकला टेकत नाही, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. पिकाटिनीवर माउंट खाचेत बसवून नळीच्या तोंडाकडे पुढे दाबून धरावे आणि मगच आवळावे, कारण धक्क्याने रायफल मागे जाते आणि माउंट पुढे सरकू पाहते. आधीच पुढच्या दाताला टेकवलेले माउंट सरकत नाही.

आवळण्यासाठी टॉर्क ड्रायव्हर (ठरावीक जोरानेच आवळणारा स्क्रूड्रायव्हर) वापरावा. अॅल्युमिनियमच्या हँडगार्डवर एम-लॉकसाठी नेहमी सांगितले जाणारे माप ३५ इंच-पाउंड, म्हणजे सुमारे ४ न्यूटन-मीटर आहे. माउंटच्या पत्रकात दुसरे माप असेल तर तेच पाळावे. प्लास्टिकच्या हँडगार्डवर हे माप लावू नये, तिथे कमी दाब लागतो. निळ्या रंगाचा मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) स्वच्छ आट्यांवर एक थेंब पुरतो. मात्र तो काही प्लास्टिकना तडे पाडतो, तेव्हा प्लास्टिकवर सांडू देऊ नये, आणि पूर्ण घट्ट होण्यासाठी चोवीस तास द्यावेत. लाल रंगाचा थ्रेडलॉकर वापरल्यास स्क्रू तापवल्याशिवाय निघत नाही. आवळून झाल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून माउंटवर जाणारी एक बारीक रेघ रंगाच्या पेनने ओढावी. पुढे ती रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला असे समजावे. पॅडची वायर असेल तर तिला तापणाऱ्या भागापासून दूर, थोडी सैल ठेवून झिप टायने बांधावी.

तपासणी

रात्री घरातले सर्व दिवे मालवून, रायफल पुन्हा एकदा रिकामी असल्याची खात्री करून आणि घरातले कोणीही पुढे नसेल अशी दिशा ठरवून, दिवा लावून पाहावा. पांढऱ्या भिंती, आरसा, टीव्हीचा पडदा आणि खिडकीची काच कुठे डोळे दिपवतात ते कळेल. नळी जमिनीकडे ठेवून खोली किती दिसते, हेही याच वेळी पाहावे. ओळख पटते का याची परीक्षा घेण्यासाठी बोळाच्या टोकाला खुर्चीवर मोबाइल, स्क्रूड्रायव्हर, पाकीट अशा वस्तू दुसऱ्याला मांडायला लावाव्यात, तो माणूस मागे परतल्यावर दिवा लावावा आणि वस्तू ओळखून दाखवाव्यात. माणसाला समोर उभे करून पाहायचे असेल, तर दिवा रायफलवरून काढून हातात घ्यावा. यात सवलत नाही.

त्यानंतर रेंजवर जाऊन नेमाची शून्यजुळणी, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागते का, हे पुन्हा तपासावे. नळीला न टेकणाऱ्या हँडगार्डवर बसवलेल्या दिव्याने फारसा फरक पडत नाही, पण दिवा थेट नळीला चिमट्याने धरला असेल तर नळीच्या कंपनात बदल होऊन गोळी वेगळ्या जागी लागू शकते. पहिल्या शंभर-एक फैरींनंतर रंगाच्या रेघा पाहाव्यात. काचेवर जमलेली काजळी अल्कोहोलने आणि पेन्सिलीच्या खोडरबराने निघते. काही जण सरावापूर्वी काचेवर लिप बामचा पातळ थर देतात, म्हणजे काजळी त्याच्याबरोबर पुसली जाते.

रात्री शिकारीसाठी प्रकाश वापरण्याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत आणि हरणांच्या बाबतीत ते विशेष कडक आहेत, म्हणून दिवा लावलेली रायफल रानात नेण्यापूर्वी त्या राज्याच्या वन्यजीव खात्याचे चालू वर्षाचे पत्रक वाचावे. घरात सेल बदलण्याची तारीख दिव्याच्या अंगावर पट्टीने लिहून ठेवावी. अमेरिकेत मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळे पुढे-मागे केली जातात, आणि धुराच्या अलार्मचे सेलही अनेक घरांत त्याच दिवशी बदलतात. त्या दोन दिवशी दिवा लावून पाहावा, रेघा तपासाव्यात, आणि सीआर१२३ए सेल वर्षातून एकदा नव्या जोडीने बदलून जुनी जोडी हातातल्या टॉर्चमध्ये वापरून संपवावी.